उगवतीकडचा डबा

१

निरवांगीच्या सोपानरावांच्या गाडीतला एक मण ऊस दीडशे पावलांत नाहीसा झाला. गाडी वाटेत थांबली नाही, कुणी मोळी ओढली नाही, मागून कुणाच्या बैलानं तोंड घातलं नाही. कारखान्याच्या जुन्या काट्यावर गाडी भरली बेचाळीस मण, आणि तीच गाडी दीडशे पावलं चालून नव्या विजेच्या काट्यावर चढली तर एक्केचाळीस. सोपानराव स्वतः जुवाला हात लावून बरोबर चालले होते. त्यांनी वाकून गाडीखाली बघितलं, मागं वळून रस्ता बघितला. मग पटका नीट केला आणि काट्याच्या खोलीच्या खिडकीकडं तोंड करून अगदी सावकाश म्हणाले, "झुंबऱ्या, वाईच भाईर ये."

ही गोष्ट सत्तावन्न सालच्या पौषातली. बारामती आणि इंदापूरच्या मधे, कालव्याच्या काठाला तो कारखाना उभा राहून जेमतेम दोन हंगाम झाले होते. पौषात तिकडं सकाळी असं धुकं पडतं की बैलाची शिंगं दिसतात आणि बैल दिसत नाही. त्यात चिमणीचा धूर, उकळत्या रसाचा वास, कालव्यावरची वाफ. नवखा माणूस तिथं सकाळी उतरला तर आपण जागे आहोत की अजून गोधडीत, हे त्याला बराच वेळ समजायचं नाही.

झुंबर बाहेर आला. शेजारच्या डाळज गावचा पोरगा, वय चोवीस, सातवी पास. पुण्याच्या खळदकर इंजिनिअरनं सगळ्या कारखान्यातून त्यालाच निवडून नव्या काट्यावर बसवला होता. त्याची आई ठमाबाई तिथंच झाडलोट करायची. बाप पोर पाळण्यात असताना गेला. असं हे दोघांचंच घर, आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणी खुर्चीवर बसत होतं.

"आठ दिस झालं," सोपानराव म्हणाले. "डाळजच्या गाड्या बराबर भरत्यात. निरवांगीची गाडी आली की ऊस वाळतोय. ह्यो काय प्रकार हाय, बाबा?"

झुंबरनं वळून आत तबकडीकडं बघितलं. रांगेतले निरवांगीकर गाड्या सोडून जवळ आले. मॅनेजर धावत आले नसते तर त्या दिवशी पोराची कातडी लोंबली असती. मॅनेजरांनी सगळ्यांदेखत शब्द दिला की बारामतीहून वजनमापांचा तपासनीस बोलावतो, शुक्रवारी दहा वाजता पंच बसवतो, आणि लबाडी निघाली तर झुंबरला बडतर्फ करून इंदापूरच्या फौजदाराच्या हवाली करतो.

ठमाबाई झाडू हातात धरून भिंतीशी उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं.

२

मॅनेजरांनी लगेच फोन लावला, आणि त्याच बुधवारी दुपारी यष्टीतून जो तपासनीस उतरला त्याला बघून मॅनेजरांचा जीव खालीवर झाला. इमाम आतार हा गृहस्थ झोपलेला होता. म्हणजे चालत होता, बोलत होता, पण पापण्या निम्म्या मिटलेल्या. त्याची बायको सितारा म्हणायची की आमच्या साहेबांचा निकाह झाला तेव्हा काजीनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा हलवलं. इमामला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. डोळे अर्धे मिटले की जगातला गलका थोडा लांब जातो आणि ज्याला जे म्हणायचं आहे तेवढंच जवळ येतं, असा त्याचा अनुभव होता.

"आधी मला काटा समजावून सांगा," तो झुंबरला म्हणाला.

आरोपी असून पोराचा चेहरा उजळला. काट्याच्या खोलीत ऊब होती. टेबलावर लोखंडी पेटी होती, तिच्या जाळीआड काचेचे सहा दिवे निखाऱ्यासारखे जळत होते, आणि पेटी अगदी खालच्या सुरात गुणगुणत होती.

"भाईर फळीखाली चार खड्डे हायत सायेब, चार दिशांना. दर खड्ड्यात एक पोलादी डबा. डब्याच्या पोटात केसापरीस बारीक तार. गाडी चढली की डबा दबतो, तार ताणती, आन् तिच्यातनं वायरीवाटं इशारा येतो. पर तो इशारा एवढासा, मुंगीनं हाक मारल्यावानी. ह्यो अँप्लिफायर तो मोठा करतो आन् काटा हलवतो."

"आणि तो किती मोठा करायचा, हे कसं ठरलं?"

"खळदकरसायबांनी चार दिस बसून जुळवलं. फळीवर खरी वजनं ठेवायची, दहा मण, वीस मण, चाळीस मण. काटा तितकाच बोलेस्तवर हा स्क्रू फिरवायचा. जुळलं तशी त्येच्यावर लाख वतली. हात न्हाय लावायचा कुणी." त्यानं लाखेची मोहोर दाखवली. ती शाबूत होती. "दुसरा स्क्रू तेवढा माझ्याकडं. सकाळी सातला फळी रिकामी असताना काटा पूज्यावर आणायचा, झाकण लावायचं, आन् मॅनेजरसायेब कुलूप घालून किल्ली घिऊन जात्यात. खळदकरसायेब आठ दिसांमागं जाताना ह्याच दारात बजावून गेले. आधी पूज्य, मग वजन. ज्या दिवशी पूज्य चुकंल त्या दिवशी तुझी भाकरी गेली."

पूज्य म्हणजे शून्य. त्या काळी शाळेत एकावर पूज्य दहा असंच शिकवायचे.

इमामनं स्वतःची वजनं लॉरीतून मागवली होती. आधी जुना काटा तपासला, तो खरा निघाला. मग विजेच्या काट्याची फळी रिकामी केली. तबकडीवर काटा बरोबर पूज्यावर होता. वीस मण ठेवले. काटा एकोणीस म्हणाला. आणखी वीस ठेवले. एकोणचाळीस.

मॅनेजर म्हणाले, "बघा, खोटंच बोलतोय."

"नाही," इमाम डोळे मिटून म्हणाला. "वीस ठेवले की वीसच वाढतात. जुळणी अगदी बरोबर आहे. पहिलाच मण कुठंतरी गिळला जातोय. वजनं उतरवा, झाकण उघडा."

फळी रिकामी झाली, काटा पुन्हा पूज्यावर येऊन टेकला. टेकला हा शब्द खरा होता. पूज्याच्या रेघेला लागून एक बारीक खिळा होता, काटा मागं पडू नये म्हणून. इमामनं खिशातल्या चाकूच्या टोकानं तो खिळा हळूच बाजूला वाकवला. काटा सुटला आणि मागं मागं सरकत पूज्याच्या पलीकडं गेला. अंदाजानं एक मण.

सगळे तबकडीवर वाकले. रिकाम्या फळीला काटा उणा एक मण म्हणत होता, आणि खिळ्यामुळं ते आठ दिवस कुणाला दिसलंच नव्हतं.

"पूज्य हललंय," इमाम म्हणाला.

दाराशी झाडणारी ठमाबाई थांबली. पदर डोक्यावरून पुढं ओढत तिनं हळू आवाजात विचारलं, "सायेब, रोज नेमानं पूज्य केलं तरीबी हलतं?"

"आये, तू जा," झुंबर म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पूज्याचा स्क्रू फक्त त्याच्याच हातात होता.

३

मॅनेजरांच्या लेखी तपास तिथंच संपला. डाळजच्या गाड्या आदल्या संध्याकाळीच तळावर येऊन मुक्काम करतात आणि सकाळी साडेसातला काट्यावर चढतात, तेव्हा वजन बरोबर. निरवांगीच्या गाड्या पहाटे जुंपून दहाला पोचतात, तेव्हा मण गायब. पोरगं सात वाजता स्क्रूशी काहीतरी करामत करतंय, दुसरं काय?

"झाकणाला कुलूप लागल्यावर दहा वाजता स्क्रू आपोआप फिरतो का?" इमामनं विचारलं. मॅनेजरांनी यावर बारामतीला कुणाकुणाची ओळख आहे ते सांगायला सुरुवात केली. इमामनं पापण्या मिटल्या.

मग तो जुन्या काट्यावरच्या बिरदेवाकडं गेला. साठीचा माणूस, गालफडं बसलेली, कमरेला तंबाखूची चंची. विजेचा काटा आल्यापासून त्याच्या काट्यावर गवत उगवायला लागलं होतं. सोपानरावांना आधी आपल्याकडं वजन करून बघा असं सुचवणारा तोच.

"व्हय, मीच सुचवलं," बिरदेव म्हणाला. "मला त्यो काटा डोळ्यापुढं नगं हाय. पंचवीस वरसं, आधी बाजारात आन् मग हितं, मी ह्या हातानं वजनं सरकावली. पर त्या पोराच्या वाइटावर मी न्हाय. त्येची आई मला सकाळचा च्या आणून देती."

"रोज?"

"रोज. ह्या दोन-तीन दिसांत उशीर करती तेवढा. पयल्यांदा साडेसहाला यायची, आता सात वाजवती."

बिरदेवाला लिहिता येत नव्हतं. कुणी गाडी दाखवून गेलं आणि नव्या काट्यावर तूट आली की तो भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचा, दहा शेराला एक रेघ. इमाम त्या भिंतीसमोर पोत्यावर बसला आणि ऊन अंगावर घेत पेंगला. निदान बिरदेवाला तरी तसंच वाटलं. रेघा इमामच्या डोळ्यांपुढं तरंगत होत्या. पहिले तीन दिवस एकेक. चौथा दिवस रविवार, तेव्हाही एकच, पण त्या दिवशी निरवांगीकरांनी पहिल्यांदा कुरकुर केली. सोमवारी दोन रेघा. सोमवारी संध्याकाळी झुंबरला शिव्या बसल्या. मंगळवारी तीन. मंगळवारी सोपानरावांनी पंचांकडं जाण्याची धमकी दिली. बुधवारी, म्हणजे आज, चार. पुरा मण.

पलीकडं अय्युब वायरमन वायरीची गुंडाळी करत बसला होता. त्यालाही ती खुर्ची हवी होती, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"मला दिली असती तर खोटं का बोलू, आवडली असती. झुंबर पुस्तक वाचून शिकला, मी झटके खाऊन शिकलो. पण वायरीशी दगा मी करत नाही, साहेब. वायर ही आपली लक्ष्मी." त्यानं आपणहून मेगर काढला. वायरीत वीज कुठं गळते ते दाखवणारं ते हातानं फिरवायचं यंत्र. चारही डबे तपासले. चारही कोरडे, ठणठणीत. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

"उद्या सकाळी साडेसातला पुन्हा लाव," इमाम म्हणाला.

"सकाळी वेगळं काय निघणार?"

इमामला ते माहीत नव्हतं. त्याला फक्त भिंतीवरच्या रेघा खटकत होत्या. बोंब झाली की चोर हात आखडता घेतो. इथं बोंब झाली की हात वाढत होता. तूट करणाऱ्याला तूट झाल्याचं कळत होतं, आणि तरी तो रोज जास्तच करत होता. असा कोणता चोर असतो, याचा विचार करत तो कारखान्याच्या खोलीत दिवे लागायच्या आत झोपला.

४

गुरुवारी धुकं इतकं दाट होतं की अय्युब खड्ड्यात उतरला तसा दिसेनासाच झाला. खालून नुसता मेगर फिरवल्याचा घरघर आवाज यायचा आणि मग त्याचा आकडा यायचा. मावळतीकडचा डबा ठीक. दक्षिणेचा ठीक. उत्तरेचा ठीक. मग घरघर पुन्हा झाली, आणि आणखी एकदा.

"साहेब," अय्युब म्हणाला, "उगवतीकडचा डबा गळतोय. वायर जिथं जोडलीय तिथं ओल आहे."

इमाम खाली उतरला. वायरीच्या जोडावर पाणी होतं. आता कोडं सरळ झालं. सकाळी सातला डबा ओला असतो, जोडावर वीज गळते, काटा पुढं सरकून बसतो. झुंबर त्या सरकलेल्या काट्यालाच मागं ओढून पूज्यावर आणतो, कुलूप लागतं. नऊ-दहाला ऊन खड्ड्यात येतं, जोड वाळतो, गळती थांबते, काटा पूज्याच्या मागं जायला बघतो आणि खिळ्याला अडतो. डाळजच्या गाड्या ओल असताना चढत होत्या, निरवांगीच्या ओल वाळल्यावर. गावाचा संबंधच नव्हता.

"दव असंल," अय्युब म्हणाला.

"दव चारही खड्ड्यांत पडतं. आणि दव रोज वाढत जात नाही."

इमामनं जोडावर बोट फिरवलं. बोटाला पिवळं लागलं. वर काठावर उभ्या असलेल्या मॅनेजरांनी ते लगेच ओळखलं. "गंधक. रस साफ करायला आपण वापरतो ते. म्हणजे आतलाच माणूस, गोदामात जाणारा. कुणीतरी गंधक कालवून ओततंय."

डब्याच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली होती. इमामनं ती बघितली, मग बोटाचा वास घेतला, पण सर्दीनं त्याला वास येत नव्हता. त्यानं बिरदेवाला हाक मारून चंचीतला चुना मागितला. नखभर चुना पिवळ्या बोटावर चोळला आणि बोट उजेडाकडं धरलं.

बोट लाल झालं. हळूहळू झालं, आधी केशरी, मग पुरतं लाल.

इमामचं बालपण इंदापूरच्या बाजारात अत्तर, बुक्का आणि कुंकवाच्या दुकानात गेलं होतं. त्याची आई परातीत हे मिश्रण कालवायची आणि तिचे हात मनगटापर्यंत असेच रंगायचे. चुन्यानं गंधक पिवळंच राहतं. लाल होते ती हळद.

त्यानं कुणाला काही न सांगता बोट रुमालात पुसलं. पाणी, हळद, आणि मुंग्या बोलावणारा गुळाचा खडा. डब्याची कुणी खोडी करत नव्हतं. आता त्याला कालचा एक प्रश्न आठवला. त्याच्या पापण्या पहिल्यांदाच पुऱ्या उघडल्या आणि त्याला मनातून वाईट वाटलं.

५

शुक्रवारी सव्वासहाला इमाम काट्याच्या खोलीत अंधूक उजेडात बसून होता. खिडकीबाहेर धुकं होतं. धुक्यातून आधी तांब्याची चमक आली, मग नऊवारीचा काठ, मग ठमाबाई. ती उगवतीकडच्या खड्ड्याशी गुडघ्यावर बसली. तिनं तांब्यातलं पाणी शिंपडलं. पुन्हा शिंपडलं, आणि मग उरलेलं सगळंच ओतलं. हळद लावली. कुंकू लावताना तिनं मान वळवून चारी बाजूंना पाहिलं. जास्वंदीचं एक फूल आणि गुळाचा खडा ठेवला, हात जोडले आणि ती बराच वेळ तशीच बसली. मग फूल उचलून तिनं ओच्यात लपवलं आणि माती लोटून खुणा पुसल्या.

इमाम बाहेर आला. ती दचकली, पण पळाली नाही.

"मावशी, हे कुणी सांगितलं?"

"इंजनेरसायबानं. दारात हुबं ऱ्हाऊन म्हनला, आधी पूज्य, मग वजन. पूज्य चुकलं की भाकरी गेली." तिचा आवाज खाली गेला. "आन् माझं पोरगं करतच न्हाय, सायेब. मी रोज बघती. येतं, एक खिळा फिरवतं, झाकण लावतं. ना फूल, ना पानी. लेकराला देवाधर्माचं वळन मीच दिलं न्हाय. म्हनलं, त्येचं ऱ्हायलेलं आपन करावं, उगवतीकडं तोंड करून."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"कपाळ पांढरं हाय माझं. हळदकुकवाला हात लावला म्हनून कुनी बघितलं तर पोराला ऐकावं लागंल."

इमाम तिच्याशेजारी जमिनीवर बसला. पुढचा प्रश्न त्याला विचारवेना, पण भिंतीवरच्या रेघांचं उत्तर तिच्याकडूनच हवं होतं.

"सोमवारपासून जास्त करायला लागलात?"

"लोक शिव्या द्यायला लागलं न्हवं का. मला वाटलं, आपलंच कमी पडतंय. म्हनून पानी वाढवलं. बुधवारी सात तांबं घातलं."

तिला काहीच माहीत नव्हतं. इमामनं तिला ते तिथं, त्या धुक्यात, जितकं हळू सांगता येईल तितकं हळू सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही. फक्त दोन्ही हात लुगड्याला पुसत राहिली, हळद जाईपर्यंत आणि गेल्यावरही.

"पंचांपुढं मी तुमचं नाव घेणार नाही," तो म्हणाला. "ओल होती, एवढंच सांगेन. ते खोटं नाही."

६

दहा वाजता काट्याच्या खोलीपुढच्या पटांगणात पंच बसले. एका बाजूला डाळज, एका बाजूला निरवांगी. झुंबर मधे उभा होता. इमामनं काटा, खिळा, मेगर, ऊन, सगळं उलगडून सांगितलं. अय्युबनं साक्ष दिली. जोड पुसून, काटा पुन्हा पूज्यावर आणून वीस मण ठेवून दाखवले, आणि काटा वीस म्हणाला. माणसं मान हलवू लागली.

"मग दोष कुणाचा?" मॅनेजरांनी विचारलं.

"ओलीचा."

सोपानराव उठले. "इमामसाब, तुमची हुशारी मला मान्य हाय. पर वल काय आभाळातनं नेमकी एकाच डब्यावर पडती? रोज वाढती? पानी कुनीतरी घातलंय. नाव सांगा. न्हायतर आमी समजू की तुमी पोराला पाठीशी घालताय."

इमाम गप्प राहिला. तपासनिसाला गप्प बसणं शोभत नाही हे त्याला कळत होतं. सगळे झुंबरकडं बघायला लागले. झुंबर म्हणाला, "मला ठावं न्हाय," आणि ते इतकं लुळं वाटलं की त्याच्या बाजूच्या डाळजकरांनीही माना खाली घातल्या. मॅनेजरांनी फौजदाराच्या नावाचं पत्र लिहायला कागद पुढं ओढला.

"पानी मी घातलं."

ठमाबाईनं झाडू भिंतीला टेकवला आणि ती मधे आली. "हळदकुकूबी मीच वाहिलं. पोराला काय म्हाईत न्हाय. सायबानं पूज्य करा म्हनलं, मला ते पुजा वाटलं. शाळेचं तोंड बघितलं असतं तर कळलं असतं."

मागून एकजण पुटपुटला, "मालक न्हाय मागं, आन् कुकवाला हात लावती?" ते सगळ्यांना ऐकू गेलं. झुंबरनं त्या दिशेला बघितलं, मग आईकडं. तिची मान खाली होती. चोवीस वर्षं त्यानं तिला तशीच बघितली होती, आणि आज पहिल्यांदा त्याला त्याचा संताप आला.

सोपानरावांनी पटक्याचा शेव खांद्यावर टाकला. "काय मागत हुतीस गं तितं बसून?"

"काटा खरा बोलू दे म्हनायची."

"डाळजच्या गाड्यांसाठी?"

"काट्याला गाव कुठलं आलंय, तात्या."

सोपानराव खाली बसले. मॅनेजरांना म्हणाले, "त्यो कागद ठिवून द्या. आमची तक्रार न्हाय. पोरगं खुर्चीवर ऱ्हाऊ द्या."

मॅनेजरांनी कागद खिशात घातला, पण त्यांना काहीतरी बजावल्याशिवाय राहवेना. "यापुढं ह्या बाईनं खड्ड्यापाशी फिरकायचं नाही." ठमाबाईनं मान हलवली. इमामनं आणखी एक सुचवलं, की पूज्य सकाळी सातला आणि पुन्हा दहाला, दोन्ही गावच्या माणसांपुढं बघावं. ते सगळ्यांनी मान्य केलं. लोक उठू लागले.

"म्हंजी माझं करनं समदं वायाच गेलं," ठमाबाई कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "वाया जाऊ दे, पर पोरावरच उलटलं."

झुंबरनं ते ऐकलं. तळावर एक छोटं दुकान होतं, तिकडं तो सगळ्यांच्या मधून तरातरा चालत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात कागदाची पुडी होती. त्यानं ती आईच्या तळहातावर उघडून ठेवली. आत कुंकू होतं.

"पूज्य मी करतो आये, ते गनितातलं असतंय," तो म्हणाला. "पूजा तू करायची. डब्याला न्हाय, खोलीच्या उंबऱ्याला. लपूनछपून न्हाय. रोज सातला, मी आल्यावर, माझ्या पुढ्यात. आन् आज आत्ता."

ठमाबाईनं मूठ मिटली नाही. तिनं आधी सोपानरावांकडं बघितलं, मग पंचांकडं, मग मघाशी पुटपुटणाऱ्याकडं. धुकं केव्हाच गेलं होतं आणि पटांगणात लख्ख ऊन होतं, प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ दिसत होता. इमामचे डोळे पूर्ण उघडे होते.

तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि ती उंबऱ्याशी बसली. निरवांगीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, पहिली तर फळीच्या तोंडाशी. बाईचं होईस्तोवर कुणी बैल हाकला नाही.